चुलीचा धूर आता रक्तात दिसणार म्हणे. मग फुंकायचं मशीन भंगारात घालायचं का?

जांबोटीकर

परवापासून आमच्या तीन ग्रुपांवर एकच पोस्ट फिरालीय. "आता मशीनमध्ये फुंकायची गरज नाही! चुलीच्या धुरानं झालेला फुप्फुसाचा आजार रक्ताच्या एका थेंबात कळणार! आईवर प्रेम असेल तर पुढं पाठवा." खाली जोडलेले हात आठ-दहा. माझ्या चुलतभावानं ती मला पाठवून वर लिहिलं, "काकूंचं करून घे की, किती वर्षं धडपडतोस." तेव्हापासून डोकं तापलंय. लांब लिहिणार आहे, आधीच सांगतो.

आई ६४ वर्षांची. चाळीस वर्षं चुलीपुढं गेली. आमच्याकडं पाऊस लागला की चार महिने लाकूड वाळत नाही. आजचं लाकूड चुलीच्या वरच्या माळ्यावर धगीला ठेवायचं आणि उद्या तेच अर्धं ओलं जाळायचं. घरात धुराडं नव्हतं, कौलातनं जाईल तेवढा धूर जायचा, उरलेला आईच्या छातीत. जन्मात एक विडी ओढली नाही तिनं. दम लागायला लागला तर आधी दमा म्हणून गोळ्या झाल्या. मग फोटोत डाग दिसला म्हणून सहा महिने टीबीची औषधं झाली, थुंकीत काही सापडलेलं नसताना. शेवटी एका डॉक्टरनं स्पायरोमेट्रीला, म्हणजे मशीनमध्ये फुंकायच्या चाचणीला बसवलं. पंपाचे चार फवारे, पंधरा मिनिटं थांबा, परत फुंका. पहिल्या सेकंदातली हवा आणि एकूण हवा यांचं गुणोत्तर ०.५४ आलं. फवाऱ्यानंतरही ०.७० च्या खाली राहिलं म्हणजे सीओपीडी, श्वासाच्या नळ्या कायमच्या अडलेला फुप्फुसाचा जुनाट आजार. झालं निदान. एवढ्यासाठी सात वर्षं गेली.

आता पोस्टकडं येतो. रक्तात काय बघणार? फायब्रिनोजेन आणि सीआरपी? ती प्रथिनं यकृतात तयार होतात आणि अंगात कुठंही सूज असली तरी वाढतात. न्यूमोनिया, संधिवात, कशानंही. पोस्टमध्ये ठसक्यात लिहिलंय, "अमेरिकेनं २०१५ मध्ये मान्यता दिली." दिली की, एकट्या फायब्रिनोजेनला. खरं कशाला दिली? औषधांच्या चाचण्यांत जास्त धोक्याचे रुग्ण निवडून घ्यायला. कुणाला आजार आहे का हे ठरवायला नव्हे. ही ओळ पोस्टवाल्यानं सोयीनं गिळली.

आणि खरी चीड पुढंच आहे. या सगळ्या रक्तातल्या खुणा शोधल्या कुणावर? एक्लिप्स नावाचा मोठा अभ्यास झाला, त्यात रुग्ण म्हणून घ्यायची अटच ही की रोज एक पाकीट या हिशेबानं किमान दहा वर्षं सिगारेट ओढलेली असावी. माझी आई दारातच बाद. चुलीच्या धुराचं फुप्फुस वेगळं वागतं. सिगारेटवाल्याचे हवेचे फुगे फाटतात, आमच्या बायकांचं ते कमी, त्यांच्या बारीक नळ्याच आवळतात आणि आत काळी पुटं बसतात. मग फाटलेल्या फुग्यांवरनं काढलेली रक्ताची खूण आवळलेल्या नळ्यांना कशी लागू होईल?

तेव्हा ग्रुपवर जोडलेले हात आवरा.

लॅबवाला_चिक्कोडी

नमस्कार. सतरा वर्षं रक्त तपासतोय, म्हणून चार शब्द. पोस्ट आचरट आहे, मान्य. खरं तुमचंही टोक झालं अण्णा.

तुमच्या आईला मशीन सापडायला सात वर्षं लागली, हे तुम्हीच लिहिलंय. का लागली? मशीन कपाटात, कपाटाची किल्ली रजेवर. रक्त काढणारा मात्र बहुतेक आरोग्य केंद्रांत असतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेली म्हातारी, हर्नियावाला, परवा हार्ट अटॅक येऊन गेलेला, यांना जोरानं फुंकायला लावतच नाहीत. त्यांनी काय करायचं?

आणि सगळ्या खुणा यकृताच्या नाहीत. सीसी-१६ नावाचं प्रथिन फुप्फुसाच्या बारीक नळ्यांतल्या पेशींतनंच येतं, आजारात रक्तातलं त्याचं प्रमाण घटतं. तुम्ही म्हणताय ना बारीक नळ्यांचा आजार? मग हे नेमकं तिथलंच आहे. साध्या सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत दिसणारे इओसिनोफिल, एका जातीच्या पांढऱ्या पेशी, तर रोजच्या वापरात आहेत. मायक्रोलिटरला ३०० च्या वर असले तर स्टिरॉइडचा पंप उपयोगी पडायची शक्यता जास्त, १०० च्या खाली असले तर फारशी नाही. पन्नाशीच्या आत आजार झाला असेल तर अल्फा-१ अँटिट्रिप्सिन हे फुप्फुसाला जपणारं प्रथिन बघायलाच पाहिजे, तेही रक्तातच. रक्तावर एवढा राग कशाला?

जांबोटीकर

राग रक्तावर नाही, "एका थेंबात" वर आहे.

सीसी-१६ किडनीतनं बाहेर पडतं. किडनी थकलेली असेल तर पातळी चढते आणि रिपोर्ट छान दिसतो. आमच्या गावात साठीच्या पुढच्या किती बायकांची किडनी ठणठणीत आहे? इओसिनोफिल पोटात जंत असले तरी वाढतात, आणि जंत आमच्याकडं घरटी आहेत. शिवाय ते निदान झाल्यावर औषध ठरवायला. आधी निदान तर करा! पायाआधी कळस चढवालाय तुम्ही.

लॅबचं दुकान चालतंय म्हणून बोलताय असं म्हणणार नव्हतो. आता म्हणतो.

लॅबवाला_चिक्कोडी

म्हणा की. दुकान चालायला शुगर आणि थायरॉईड पुरतात. सीसी-१६ माझ्याकडं होतच नाही, अख्ख्या जिल्ह्यात कुठं होत असेल तर मला दाखवा. माझा काय फायदा?

निपाणीचा_नातू

चूल चूल काय लावलंय सकाळपासून. निपाणीला या. माझी आजी तंबाखूच्या वखारीत तीस वर्षं चाळणीवर होती. नाकाला पदर, पदर संध्याकाळी पिवळा. घरी आली की खोकत खोकत चूल पेटवायची. तिच्या रक्तात काय शोधणार, चूल का तंबाखू? १९८१ ला तंबाखूच्या भावासाठी हायवे अडवला तेव्हा देशभर नाव झालं आमचं. भाव शेतकऱ्याचा, आंदोलन शेतकऱ्याचं. चाळणीवरल्या बायकांच्या छातीबद्दल कुणी रस्ता अडवल्याचं मला तरी आठवत नाही.

जांबोटीकर

नातू, धागा धुराचा आहे, धुळीचा नाही.

निपाणीचा_नातू

छातीला कळतंय का ते?

गूळ_गुऱ्हाळ

धूर म्हणलात म्हणून आलो. हंगामात गुऱ्हाळाच्या चुलवाणात जाळ घालायला बसणाऱ्याकडं बघा एकदा. चिपाडं वाळलेली असली तर ठीक, ओली असली तर धूर पायऱ्या उतरून अंगावर येतो. काही जण टायर टाकतात, बोलायचं नाही म्हणून बोलत नाही. आमचा माणूस दर वर्षी दिवाळीनंतर येतो, दर वर्षी थोडा जास्त वाकलेला. तपासायला चल म्हणलं तर म्हणतो, हंगाम संपू दे मालक. हंगाम संपला की तो गावाकडं.

बेळगावी_पुण्यात

पुण्यात असतो, तिथं चेस्ट रिसर्च फाउंडेशनच्या लोकांनी या विषयावर खूप काम केलंय. डॉ. साळवी आणि बार्न्स यांचा २००९ चा लॅन्सेटमधला लेख वाचा, सिगारेट न ओढणाऱ्यांच्या सीओपीडीवर. जगात तीनेकशे कोटी लोक लाकूड, शेण, कोळशावर स्वयंपाक करतात असं त्यात मांडलंय. म्हणजे हा बाजूचा आजार नाहीच. बाकी धाग्यात भावना जास्त आणि पुरावा कमी आहे.

गूळ_गुऱ्हाळ

पुरावा बाकावर बसून खोकालाय. या बघायला, कोगनोळीचा टोल मी भरतो.

उचगावची_लेक

मला लॅबवाल्या काकांचं पटतंय, आणि कारण वेगळं आहे.

गेल्या मार्गशीर्षात आईला घेऊन एका मोठ्या हॉस्पिटलात गेले. नाव घेत नाही. नाकाला चिमटा लावला, तोंडात नळी दिली. बाई समोर उभी राहून ओरडायला लागली, "ऊद्री! ज़ोर ऊद्री! बिडब्याडऱी!" आईला कन्नड येत नाही, तिला कळेना काय झालं. तिला वाटलं आपलं काही चुकलं, म्हणून तिनं नळीच काढली. परत लावली. परत ओरडा. तिसऱ्या वेळेला फुंकताना तिला खोकला आला आणि लुगडं ओलं झालं. त्यानंतर ती उठलीच. "मला न्यायचं नाही परत," एवढंच बोलली, रिक्षात तोंड फिरवून बसली. रिपोर्टवर छापून आलं, "रुग्णाचे सहकार्य नाही".

सहकार्य नाही म्हणे. रक्त असतं तर एक सुई टोचून घरी आली असती.

सीमाभागी_८६५

हेच ते. फुंकण्याची चाचणी सांगणाऱ्याच्या जिभेवर चालते, आणि जीभ कुणाची हे १९५६ ला बेळगाव कन्नड राज्यात घातलं तेव्हा ठरवलं गेलं. बोर्ड कन्नड, केसपेपर कन्नड, संमतीपत्रावर अंगठा मराठी. २०२३ ला महाराष्ट्रानं सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले आरोग्य योजना लागू केली तर इकडं केवढा थयथयाट झाला, आठवतंय? आमच्या म्हाताऱ्यांचा श्वासही यांना राज्याच्या हद्दीत पाहिजे.

होंगलचा_जावई

झालं. आला हा. कुठल्याही धाग्यात १९५६.

माझी सासुरवाडी बैलहोंगल. सासूबाईंना कोल्हापुरात नेलं होतं, तिथला मुलगा मराठीत ओरडत होता, "फुंका आजी, फुंका, फुंका!" सासूबाई कन्नड. त्यांनीही नळी काढली. आता कुणाला शिव्या घालू? आणि फुले योजना हॉस्पिटलात भरती झाल्यावर लागते हो, रोजचा पंप त्यात बसत नाही. आपल्या म्हाताऱ्यांना पाहिजे पंप.

सीमाभागी_८६५

कोल्हापुरात कन्नड बोलणारा मिळाला नाही याचं दुःख आणि बेळगावात मराठी बोलणारा मिळत नाही याचं दुःख एकच का? इथं मराठी माणूस पाहुणा नाही.

होंगलचा_जावई

पाहुणा नाही म्हणूनच म्हणतो, साठ वर्षं शेजारी राहून "ऊद" म्हणजे फुंक हे कळू नये? माझ्या मुलीला दोन्ही भाषा येतात, तिचं काही कमी झालं नाही.

सीमाभागी_८६५

उचगावच्या ६० वर्षांच्या बाईनं कन्नड शिकून आजारी पडावं, असं म्हणायचंय का? मेलेल्या मनाची माणसं तुम्ही. जावई झाला म्हणजे...

होंगलचा_जावई

वाक्य पुरं कर. हिंमत असेल तर पुरं कर.

बेळगावी_पुण्यात

तांत्रिकदृष्ट्या सांगायचं तर सहकार्यावर अवलंबून चाचणीत भाषेचा परिणाम...

सीमाभागी_८६५

पुण्यात बसून तांत्रिकदृष्ट्या सांगू नका. १ नोव्हेंबरला, काळ्या दिनाला, काळी पट्टी लावून चालून दाखवा, मग बोला.

धागा_सांभाळणारा

दोघांचे मिळून सहा प्रतिसाद उडवलेत. सासुरवाडीवर कुणी जायचं नाही. बेळगावची मिठाई कुंदा एकच, दुकानं दोन, एवढं लक्षात ठेवा. मूळ विषय रक्त का फुंकणं.

सुनंदावहिनी

मघापासून वाचालेय. रक्तावर भांडलात, भाषेवर भांडलात. एकानं तरी लिहिलं का की आईचा धूर बंद केला?

जांबोटीकर, राग मानू नका, तुमच्याकडं गॅस आहे ना? आमच्याकडंही आहे. २०१६ ला उज्ज्वला आली, आम्हाला दोन वर्षांनी मिळाला. चहा गॅसवर, पाहुणे आले तर पोहे गॅसवर. आणि न्हाणीतला हंडा? तो पहाटे साडेचारला शेणी आणि चिपाडावरच तापतो, कारण सात माणसांच्या अंघोळीचं पाणी १४.२ किलोच्या सिलिंडरवर तापवलं तर महिना निघत नाही. न्हाणीला खिडकी नाही. दार लावून पेटवायचं, नाहीतर धूर सोप्यात येतो आणि मामंजींना ठसका लागतो. म्हणजे त्यांना लागू नये म्हणून मी आत.

भाकरीचं तर विचारूच नका. "गॅसवरची भाकरी फुगते खरं चव नाही." चवीला जो नावं ठेवतो तो कधी वैलावरचं कालवण ढवळायला आलेला मी बघितला नाही. रक्त काढा, फुंका, काय करायचं ते करा. रिपोर्ट घेऊन परत त्याच न्हाणीत जायचं असेल तर दोन्ही चुलीत घाला.

जांबोटीकर

वहिनी, हंडा आमचाही तसाच तापतो. आई तापवते. लिहिलं नव्हतं मी ते.

सुनंदावहिनी

वाटलंच.

लॅबवाला_चिक्कोडी

वहिनींनी आम्हा दोघांना एकाच फुंकरीत विझवलं. तरी एक राहतंय. धूर किती गेला हे रक्तात दिसतं, कार्बोक्सीहिमोग्लोबिन म्हणतात त्याला. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्ताला चिकटतो तो.

जांबोटीकर

आणि मोकळ्या हवेत आलं की चार-पाच तासांत निम्मा उतरतो. पहाटे साडेचारला हंडा, तुमच्याकडं येईपर्यंत अकरा. आज सकाळचाही पुरता धूर सापडायचा नाही, चाळीस वर्षांचा कुठनं सापडणार?

लॅबवाला_चिक्कोडी

बरं बाबा. तुझं खरं. रक्तानं सीओपीडीचं निदान होत नाही. एकटी अशी खूण आज तरी नाही. लिहून दिलं, सही पाहिजे का? पण मी एक बघितलंय. शुगर २८० छापून आली की जो नवरा दहा वर्षं बायकोचं ऐकत नाही तो दुसऱ्या दिवशी गोड बंद करतो. कागदावर आकडा ठळक आला पाहिजे. तुमच्या ०.५४ नं घरात काय बदललं?

जांबोटीकर

काही नाही. बाबा म्हणाले, "अर्धी तर अर्धी, चालतीय की."

रक्ताचा आकडा असता तर घाबरले असते बहुतेक. रक्त म्हणलं की घाबरतात ते. हे मी कबूल करालोय ते नाइलाजानं, पोस्टवाल्यानं खूश होऊ नये.

निपाणीचा_नातू

आमच्या आजीचा काहीच आकडा नव्हता. गेली तेव्हा दाखल्यावर "वृद्धापकाळ". ५८ वर्षांची होती.

गीता_बी

मी फक्त वाचत असते, आज लिहिते. मी ते मशीन चालवते, दुसरीकडं, उचगावच्या ताई गेल्या तिथं नव्हे. घरची भाषा कन्नड, नवरा येळ्ळूरचा, मराठी त्यांच्या घरात शिकले, चुकलं तर सांभाळा.

ओरडावं लागतं. कुठल्याही भाषेत ओरडावंच लागतं, नाहीतर दोन सेकंदांत सोडतात, आणि आतली हवा पुरती संपेपर्यंत यायला पाहिजे. पण आधी सांगायचं असतं की मी ओरडणार आहे, रागावून नाही. ते त्या बाईनं केलं नसेल. लघवीचं खूप जणींना होतं. मी आधी संडासला पाठवते आणि खुर्चीवर कापड टाकते, मग कुणी काही बोलत नाही.

आणि चुलीपुढच्या बायकांचं अजून एक आहे, ते कुणी लिहिलं नाही. त्या फुंकतात चांगलं, पण फुंकणीसारखं. ओठ आवळून, हळू, लांब. राख उडू नये म्हणून चाळीस वर्षं तसंच फुंकलंय. मशीनला पहिला दणका पाहिजे, म्हणून आकडा खोटा येतो. मला हे कळायला दोन वर्षं लागली. आता मी म्हणते, "आजी, चूल पेटवायची नाही, दिवा लांब आहे, एका दमात विझवायचा." मग जमतं. रक्त का फुंकणं ते मोठे लोक ठरवतील.

उचगावची_लेक

ताई, आई परत येणार नाही म्हणते. तरी विचारते. तुमच्याकडं कधी असता?

गीता_बी

गुरुवारी, दहाच्या आत आणा. चहा चालेल, भरपेट जेवून नको. पंप चालू असेल तर सकाळचा मारू नका, पण दम लागला तर मारा आणि येऊन मला सांगा. लुगडं एक जास्तीचं आणा, त्यांना न सांगता पिशवीत ठेवा. पत्ता वेगळा पाठवते.

सुनंदावहिनी

आणि त्या दिवशी हंडा दुसऱ्या कुणाला तापवू दे.

उचगावची_लेक

भावाला सांगितलं आत्ता. शेणी कुठं ठेवतात विचारालाय.